थायमॉल, प्रोटॉन आणि खाद्यपदार्थांचे वेष्टन

वनस्पतिजन्य घटक घातलेल्या, जिवाणूंना रोखणाऱ्या आणि मातीत विरून जाणाऱ्या वेष्टनांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यांपैकी बऱ्याच बातम्यांत ‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ एवढेच कारण दिलेले असते. ते मला मुळीच मान्य नाही. एरंडाच्या बियांतील रायसिन हे जहाल विषही नैसर्गिकच असते. या वेष्टनांचा गुण रेणूच्या रचनेत आहे आणि तो तिथेच शोधायला हवा.

अशी फिल्म तयार करताना स्टार्च, अल्जिनेट किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान यांचे द्रावण करतात (अल्जिनेट समुद्री शैवालापासून मिळते), सुकल्यावर ठिसूळपणा येऊ नये म्हणून त्यात ग्लिसरॉल घालतात, ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल किंवा लवंगेतील युजेनॉल सूक्ष्म थेंबांच्या रूपात त्यात घोटतात आणि मिश्रण पातळ पसरून सुकवतात. पदार्थ बहुधा पृष्ठभागावरून नासू लागतो, आणि फिल्ममधून हळूहळू सुटणारा घटक नेमका तिथेच पोहोचतो.

पुढची प्रक्रिया मला विलक्षण सुंदर वाटते. जिवाणूचे पेशीपटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे असते. जिवाणू ऊर्जा खर्चून प्रोटॉन सतत पटलाबाहेर ढकलतो. धरणात अडवलेल्या पाण्याने जनित्र फिरावे तसे हे प्रोटॉन आत परतताना एटीपी सिंथेस हे विकर (एन्झाइम) फिरवतात आणि पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, तयार होते. कार्व्हाक्रॉल पाण्यापेक्षा मेदात सहज मुरत असल्याने ते पटलात शिरून त्याची घट्ट रचना सैल करते. शिवाय त्याच्या बेंझीन कड्याला एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जोडलेला असतो आणि कड्यामुळे त्या गटातील प्रोटॉन साध्या अल्कोहोलमधल्यापेक्षा सहज सुटतो. त्यामुळे हा रेणू बाहेरचा प्रोटॉन विकराला वळसा घालून आत नेतो आणि परतताना पोटॅशियम आयन बाहेर आणतो, असे प्रतिमान मांडले गेले आहे. प्रोटॉनचा साठा असा ओसरला की एटीपीची निर्मिती थंडावते.

याची पारख पॅरा-सायमीनने होते. त्याचा सांगाडा कार्व्हाक्रॉलसारखाच असतो, फक्त हायड्रॉक्सिल गट नसतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बॅसिलस सेरियस या जिवाणूविरुद्ध हाच गट अत्यावश्यक असल्याचे दाखवले. थायमॉलमध्येही तो असतो, केवळ कड्यावरील त्याची जागा वेगळी असते.

मात्र प्रयोगशाळेतील बशीत मिळालेले यश प्रत्यक्ष पदार्थात तसेच्या तसे मिळत नाही. अन्नातून आजार पसरवणारा लिस्टेरिया हा जिवाणू शीतकपाटातील तापमानातही वाढतो आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाह्यपटल नसलेला, असल्याने तुलनेने लवकर नमतो, तर ई. कोलाय किंवा साल्मोनेला यांना लिपोपॉलिसॅकराइडयुक्त (मेद आणि शर्करा जोडून बनलेल्या रेणूंच्या) बाह्यपटलाचे जादा संरक्षण असते. पदार्थ स्निग्ध असेल तर कार्व्हाक्रॉल जिवाणूऐवजी त्या स्निग्धांशातच मुरते, आणि मात्रा वाढवावी तर उग्र वासाने पदार्थाची चव बिघडते. थायमॉल, कार्व्हाक्रॉलसारखे बाष्पनशील तेलघटक साठवणीतच उडून जाऊ नयेत म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळ रेणूंत कोंडण्याचा उपाय मला सर्वांत आशादायक वाटतो.

‘जैवविघटनशील’ या शिक्क्याचीही तपासणी हवी. ईएन 13432 या युरोपीय मानकानुसार कंपोस्ट होणाऱ्या वेष्टनातील किमान 90 टक्के कार्बन 6 महिन्यांत कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलावा लागतो. प्लास्टिकचा नुसता भुगा होणे म्हणजे विघटन नव्हे. पॉलिलॅक्टिक आम्ल या जैवप्लास्टिकच्या फिल्मला त्यासाठी औद्योगिक कंपोस्टमधील सुमारे 58 अंश सेल्सिअस तापमान लागते, तर स्टार्चची फिल्म साध्या मातीतही विघटित होते. जिवाणूरोधक घटकामुळे मातीतील जिवाणूच मरतील आणि विघटन अडेल, ही शंका रास्त आहे व प्रत्येक फिल्मच्या बाबतीत ती तपासलीच पाहिजे. परंतु तेलाचा बराचसा अंश तोवर उडून गेलेला असतो आणि स्यूडोमोनास पुटिडासारखे मातीतील जिवाणू थायमॉलचे कडे फोडून त्यातील कार्बनवर वाढू शकतात.