जैवाधारित उत्पादन : नाशिक परिसर

पिकांचे अवशेष आणि शेतमाल प्रक्रियेतून उरणारी साल, बी, चोथा यांपासून रसायने, रंग, तेल, जैवप्लास्टिक किंवा इंधन तयार करण्याच्या पद्धतीस जैवाधारित उत्पादन म्हणतात. शर्करेच्या किण्वनातून (आंबवण्यातून) लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक बनवणे, हे तिचे परिचित उदाहरण होय. अशा उत्पादनास चालना देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायो-ई३’ (अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांसाठी जैवतंत्रज्ञान) धोरण मंजूर केले.

नाशिक जिल्ह्यात या दृष्टीने सर्वांत मोलाचा कच्चा माल वाइन बनवताना उरणारा द्राक्षाचा चोथा हा आहे. पांढऱ्या वाइनसाठी रस किण्वनापूर्वीच काढला जात असल्याने तिच्या चोथ्यात साखर शिल्लक असते. लाल वाइनचा चोथा मात्र सालीसकट आंबवून झाल्यावर दाबला जातो, त्यामुळे त्यात साखर नगण्य आणि मद्यार्काचा अंश अधिक असतो. दोन्हींना एकच प्रक्रिया लावून चालत नाही. बियांपासून लिनोलेइक या मेदाम्लाने समृद्ध तेल, काळ्या द्राक्षांच्या सालीपासून अँथोसायनिन हा खाद्यरंग, तर वाइनच्या टाक्यांच्या आतील बाजूस जमणाऱ्या पोटॅशियम बायटार्टरेट या क्षाराच्या खड्यांपासून टार्टरिक आम्ल मिळते. लासलगाव परिसरातील कांद्याच्या वाळलेल्या पापुद्र्यात क्वेर्सेटिन हे पिवळे रंगद्रव्य आतल्या गरापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात असते व तुरटी लावलेल्या लोकरीवर किंवा रेशमावर ते चांगले चढते.

नाशिक जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) कार्यक्षेत्रात येतो. प्रक्रिया-रसायनाच्या बाजूने मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था महत्त्वाची आहे. तिथे विकसित झालेल्या तंत्रज्ञानावर आधारित, रोज १० टन पिकांचे अवशेष हाताळून इथेनॉल करणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे उभा राहिला. प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधली ही टनावारी माल हाताळण्याची पायरीच बहुतेक संशोधनांना चढवत नाही.

नाशिकमध्ये या अडचणीची कारणे रसायनशास्त्राइतकीच हंगामाशी निगडित आहेत. द्राक्षाचा गाळप हंगाम मुख्यतः जानेवारी ते मार्च एवढाच असतो. ओला चोथा ढिगात काही तासांतच तापू लागतो व त्यावर बुरशी धरते, म्हणून वाळवणी वायनरीच्या आवारातच करावी लागते. कांद्याच्या पापुद्र्याचे उलटे आहे : तो टिकतो, पण इतका हलका की ट्रक भरला तरी वजन भरत नाही. शिवाय यातले बरेचसे ‘टाकाऊ’ म्हणणे चुकीचे आहे, कारण चोथ्याचे कंपोस्ट बागेत परत जाते आणि उसाची चिपाडे साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतात. नव्या उद्योगाला हा माल मिळवायचा तर त्या उपयोगांपेक्षा जास्त दर द्यावा लागतो.