बर्ड फ्लू आणि पोल्ट्रीतील कामगारांचे डोळे

मार्च २०२५ मध्ये सोलापूर शहरात मरून पडलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. अशी बातमी आली की घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो चिकन खावे की नाही याचा. त्याचे उत्तर सोपे आहे : आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला नीट शिजलेल्या मांसात वा अंड्यात हा विषाणू जिवंत राहत नाही. काळजी करायला हवी ती पोल्ट्रीच्या शेडमध्ये, चिकनच्या दुकानात आणि लागण झालेल्या कोंबड्या नष्ट करण्याच्या पथकात राबणाऱ्या माणसांची.

आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून आणि नाकातील स्रावातून एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या तुसात, पिसांत व धुळीत मिसळतो. कोंबड्यांची बॅच विक्रीला निघाल्यावर ते तूस कोरडेच खरडून, डाळिंबाच्या बागेसाठी कोंबडखत म्हणून पोत्यांत भरले जात असेल, तर उडणारी धूळ थेट कामगाराच्या नाकातोंडात जाते. दुकानात कोंबडी कापताना आणि पिसे काढताना उडणारे बारीक तुषारही तितकेच धोक्याचे असतात.

तरीही पक्ष्यांचा हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. पेशीत शिरण्यासाठी त्याला पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रकारच्या शर्करेला चिकटावे लागते. पक्ष्यांमध्ये ती विपुल असते, माणसाच्या नाकात आणि घशात मात्र अगदी कमी. परंतु आपल्या फुफ्फुसांच्या खोल भागात आणि डोळ्यांच्या पातळ आवरणात ती असते. फुफ्फुसापर्यंत पोहोचलेला विषाणू जिवावर बेततो. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या नऊशेहून अधिक एच५एन१ रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. सौम्य लागण पुष्कळदा नोंदलीच जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षातील मृत्युदर याहून कमी असावा, हेही येथे सांगितले पाहिजे.

डोळ्यांचा मार्ग आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ या भाईबंद विषाणूची साथ आली, तेव्हा ८९ जणांना लागण झाली. त्यांतील बहुतेकांचे फक्त डोळे आले होते, पण एका पशुवैद्यकाचा मृत्यू झाला. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोंबड्या नष्ट करणाऱ्या अनेक कामगारांना एच५एन१ची लागण झाली. त्यांचा आजार सौम्य होता आणि डोळे लाल होणे हेच प्रमुख लक्षण होते. शेडमधील तापमान ४० अंशांच्या वर होते, मोठे पंखे पिसे आणि धूळ उडवत होते आणि त्या उकाड्यात गॉगल व मास्क सतत लावून ठेवणे कामगारांना अशक्य झाले होते.

हे वर्णन सोलापूरच्या उन्हाळ्याला तंतोतंत लागू पडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यात, भर दुपारी अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून काम करा असे सांगणे म्हणजे तो पोशाख अर्ध्या तासात उतरवला जाणार हे गृहीत धरण्यासारखे आहे. म्हणून असे काम पहाटे उरकावे, पाळ्या आखूड ठेवाव्यात, मध्ये सावलीत विश्रांती आणि पाणी द्यावे, आणि तूस हलवण्यापूर्वी त्यावर जंतुनाशकाचा फवारा मारून ते ओले करावे. रुमाल बांधल्याने डोळे झाकले जात नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल आणि एन-९५ मास्क दोन्ही हवेत. विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असल्याने साबणाने तो निष्प्रभ होतो, म्हणून हात धुण्याआधी घाम पुसायला डोळ्यांना हात लावू नये.

काम संपल्यानंतरचे दहा दिवस लक्ष ठेवण्याचे असतात. ताप, खोकला, धाप किंवा केवळ डोळ्यांची लाली दिसली, तरी डॉक्टरांना ‘मी कोंबड्यांत काम करतो’ हे आपणहून सांगावे, कारण ते कळल्याशिवाय योग्य तपासणी होणार नाही आणि ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी ठरते. रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडेल या भीतीने ताप अंगावर काढतो, हे ठाऊक असूनही त्यालाच दोष देणे योग्य नाही. शेडमालकाने किंवा ठेकेदाराने कामावर आलेल्या प्रत्येकाचे नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा, ती यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी आणि आजारपणाच्या दिवसांची मजुरी कापू नये.