हौशी स्प्रिंट शर्यतीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

तालुक्याच्या गावी वाहतूक बंद ठेवलेल्या रस्त्यावर जी हौशी मोटार स्प्रिंट होते, तीत गाड्या एकमेकींच्या बरोबरीने धावत नाहीत. एकेक गाडी सोडली जाते, प्रत्येकीची वेळ स्वतंत्र मोजली जाते आणि आपल्या गटात कमीत कमी वेळ नोंदवणारा चालक पहिला येतो. शर्यतीचे स्वरूप इतके सुटसुटीत असल्यामुळे तिचा अर्जही तसाच असेल असे पुण्यातील बहुतेक हौशी चालक गृहीत धरतात आणि अर्ज परत आला की आयोजकांच्या नावाने बोटे मोडतात. प्रत्यक्षात गाडीत दोष निघाल्यामुळे नाकारलेले अर्ज थोडे असतात. अडतो तो कागद, आणि त्यातही बहुतेक वेळा एक तर नाव जुळत नाही किंवा तारीख उलटून गेलेली असते.

अर्ज भरण्याआधी शर्यत अधिकृत आहे की नाही, हे पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी होऊ देणे हा जसा गुन्हा आहे, तसाच तीत भाग घेणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चेन्नईत २०२४ च्या ऑगस्टअखेरीस शहराच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली, ती सर्व संमती घेऊन झाली होती. तिचा दाखला देऊन कात्रज बायपासवर मध्यरात्री भरणाऱ्या विनासंमती शर्यतींच्या जत्रेचे समर्थन कोणी करू नये. देशातील मोटार क्रीडेची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय ही असून तिचे कार्यालय चेन्नईला आहे. शर्यतीच्या नियमपत्रिकेवर या संस्थेच्या परवानगीचा उल्लेख आहे का आणि स्थानिक प्रशासनाची लेखी संमती मिळाली आहे का, हे आयोजकांना सरळ विचारावे. ज्या शर्यतीची नियमपत्रिकाच नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रात फक्त बक्षिसाची रक्कम आहे, तिच्यासाठी पैसे भरू नयेत.

पात्रतेची पहिली अट मोटार चालवण्याचा पक्का परवाना ही आहे. शिकाऊ परवाना चालत नाही, आणि केवळ दुचाकीची नोंद असलेला परवानाही चालत नाही. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. परवाना फोनमध्ये डिजिलॉकरवर असेल तर तो वाहतूक पोलिसासमोर ग्राह्य धरला जातो. मात्र गावाबाहेरच्या मैदानावर नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून मूळ कार्ड सोबत असावे.

खरी गडबड होते ती दुसऱ्या परवान्याच्या, म्हणजे एफएमएससीआयकडून मिळणाऱ्या स्पर्धा परवान्याच्या बाबतीत. नियमपत्रिकेत तो मागितला असेल तर आरटीओच्या परवान्याने ती जागा भरून निघत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे एफआयएच्या, क्रीडा संहितेप्रमाणे असे परवाने सर्वसाधारणपणे दरवर्षी ३१ डिसेंबरला संपतात. नोव्हेंबरात काढलेला परवाना पुढच्या नोव्हेंबरापर्यंत चालेल अशा समजुतीने जानेवारीत अर्ज करणारा चालक त्यामुळेच तोंडघशी पडतो. वर्षाच्या शेवटी परवाना काढायचा असेल तर आपल्याला नेमके किती आठवडे मिळणार आहेत, ते पाहून मगच पैसे भरावेत.

वैद्यकीय दाखला अर्जासोबत दिलेल्या नमुन्यावरच घ्यावा आणि त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का व तारीख आहे याची खात्री करावी. दाखल्यात रक्तगटाचा रकाना असतो आणि तो बहुतेक लोक आठवणीने भरतात, पण प्रयोगशाळेचा अहवाल मागितला की शाळेच्या ओळखपत्राखेरीज काही सापडत नाही. अपघातप्रसंगी याच नोंदीवर विसंबून उपचार सुरू होण्याची शक्यता असते, त्यामुळे या मागणीवर कुरकुर करण्यात अर्थ नाही.

नावाचा घोळ हा मराठी अर्जदारांचा खास घोळ आहे. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. वाहन परवान्यावर आडनाव आधी. स्पर्धा परवान्यावर वडिलांचे नाव गायब. आणि अर्जात हौसेने लिहिलेले लाडके नाव. माणूस एकच आहे हे टेबलामागे बसलेल्याला दिसत असते, तरीही हमीपत्रावरचे आणि परवान्यावरचे नाव वेगळे असेल तर तो कागद उद्या टिकणार नाही, म्हणून तो अडवतो. सर्व कागदांवर वाहन परवान्यावरचे नाव जसेच्या तसे लिहावे. त्याचबरोबर अर्जात स्पर्धक आणि चालक असे दोन वेगळे रकाने असतात, तेही नीट वाचावेत. ज्याच्या नावाने प्रवेश घेतला जातो तो स्पर्धक, आणि निकालावर हरकत घेण्याचा अधिकार संहितेप्रमाणे त्यालाच असतो. मित्राच्या नावाने प्रवेश घेऊन स्वतः गाडी चालवणाऱ्याला पुढे तक्रार करायची झाली, तर मित्राला शोधत बसावे लागते.

यापेक्षाही अवघड दुखणे आरसीचे आहे. हौशी चालक बहुधा जुनी झेन, एस्टीम किंवा जिप्सी घेतात, पैसे देतात, गाडी गॅरेजला लावतात आणि नावावर करून घ्यायचे राहून जाते. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. सही केलेले हे नमुने कपाटात पडून आहेत, एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे लेखी संमतीपत्र पुरते, परंतु तीन हात फिरलेल्या गाडीच्या पहिल्या मालकाचे संमतीपत्र आणणार कोठून? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर नमुना २५ भरून नूतनीकरण करावे लागते, हेही जुन्या गाड्यांच्या बाबतीत हटकून विसरले जाते. संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात हे काम एका खेपेत होईल अशा भरवशावर राहू नये. शर्यतीची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता ते आधीच उरकावे.

हमीपत्र मुद्रांकावर मागितले असेल तर घरात शिल्लक असलेला शंभराचा कागद काढू नये. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली आहे, आणि खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक तसाही बाद ठरतो. कागदामागे विक्रेत्याने घातलेली तारीख आणि ज्याच्या नावाने तो घेतला ते नाव, दोन्ही तपासली जातात. शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरात हे काम करून देणारे भेटतात, परंतु मजकूर आयोजकांनी दिलेलाच वापरावा; टंकलेखकाकडचा तयार मजकूर बहुधा भाडेकराराचा भाऊबंद असतो.

विम्याविषयी एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. ‘फुल इन्शुरन्स आहे, झीरो डेप आहे’ असे सांगत लोक पॉलिसीची प्रत जोडतात आणि निर्धास्त होतात. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि आयोजित शर्यत व वेगाची चाचणी यांसाठीचा वापर तिथे स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे शर्यतीत गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. आयोजकांनी घेतलेल्या विम्यात चालकाचा समावेश आहे का, असल्यास किती रकमेचा, हे लेखी विचारून घ्यावे.

गट इंजिनाच्या क्षमतेवरून ठरतात, आणि तो निवडताना टर्बो गाडीवाले हमखास चुकतात. एफआयएच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणण्याची पद्धत आहे. नियमपत्रिकेत हा गुणक लागू केला असेल तर ९९९ सीसीची टर्बो पोलो सुमारे १,६९८ सीसीची धरली जाते आणि लहान गटात भरलेला अर्ज परत येतो.

गाडीच्या तपासणीत बॅटरी घट्ट आवळलेली असणे, पुढे-मागे टोचनाचे हूक असणे, स्टेपनी, जॅक, पायपुसणी आणि डॅशबोर्डवरचे गणपती काढून ठेवणे, इतके सांभाळले की निम्मे काम होते. हेल्मेटचे मात्र तसे नाही. आयएसआय शिक्क्याचे दुचाकीचे हेल्मेट, कितीही महाग असले तरी, मोटार शर्यतीसाठीच्या नियमात बसत नाही. हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या, मोटार शर्यतीसाठीच्या एसए मानकात ज्वालारोधक चाचणी असते, दुचाकीच्या एम मानकात ती नसते. तपासनीस हेल्मेट उलटे करून आतले अस्तर बाजूला करतो आणि आतल्या चिकटपट्टीवर एसए २०१५ किंवा एसए २०२० असे काही छापले आहे का, ते पाहतो. पट्टी फाटलेली असेल तर हेल्मेट नवेकोरे असूनही बाद होते. चालकाला आसनाशी बांधणाऱ्या शर्यतीच्या सुरक्षापट्ट्यांवरही वैधतेचे वर्ष शिवलेले असते. जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेल्या पट्ट्या बहुधा त्याचमुळे स्वस्त असतात.

वरच्या गटांत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा, सक्तीचा असतो, आणि इथे दोन कायद्यांच्या मध्ये अर्जदार सापडतो. क्रीडा नियम म्हणतात की केज बसवा; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही आणि कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हा पेच सोडवण्याची तसदी कोणत्याही खात्याने घेतलेली दिसत नाही. तोवर अशी गाडी रस्त्याने चालवत न नेता वाहक ट्रकवर घालून न्यावी, आणि पहिल्याच वर्षी उतरणाऱ्याने केज न लागणारा गट निवडावा.

राहिला प्रश्न मुदतीचा. अंतिम तारखेला अर्ज पाठवून शुल्क दुसऱ्या दिवशी भरले तर चालेल, असे धरून चालणाऱ्यांनी संहिता वाचावी: जिथे शुल्क ठरलेले आहे, तिथे शुल्काविना आलेला प्रवेश रद्दबातल असतो. यूपीआयची पावती अर्जासोबतच जोडावी आणि शेरा लिहिण्याच्या जागी चालकाचे नाव घालावे, कारण भावाच्या खात्यातून आलेले पैसे कोणत्या अर्जाचे, हे शोधायला आयोजकांकडे माणूस नसतो. प्रवेश मान्य झाल्याचे पत्र आल्यावर त्यातील कागद तपासणीची, गाडी तपासणीची आणि चालकांच्या सूचना बैठकीची अशा तिन्ही वेळा वेगवेगळ्या टिपून ठेवाव्यात. या बैठकीला हजेरीची सही घेतात, आणि ज्या शर्यतीच्या नियमपत्रिकेत ही हजेरी सक्तीची केलेली आहे, तिथे सही नसलेल्या चालकाला तपासून तयार ठेवलेल्या गाडीसह बाजूला उभे केले जाते.