एक किलो बंदुकीच्या दारूत किती बार?

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वाड्यांमध्ये पीक संरक्षणाचा परवाना असलेली बंदूक हे काही नवलाचे हत्यार नाही. भात पोटरीला आले किंवा नाचणीची कणसे भरू लागली, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत मळी उलथीपालथी करून जातो. निवडणूक लागली, की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि शेत काही दिवस राखणदाराच्या आरोळ्यांवर उरते. काडतुसे महागल्याची तक्रार इथे ऐकू येते, तशीच ती अमेरिकेतील आणि युरोपातील परवानाधारक शिकाऱ्यांमध्येही ऐकू येते. फरक एवढाच, की ते प्रामुख्याने रायफल वापरतात आणि त्यांच्यापैकी बरेच जण बार उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी फेकून न देता घरीच पुन्हा भरतात. गेल्या काही वर्षांत या पुनर्भरणाचा खर्चच इतका वाढला आहे, की कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या किती आतल्या व्यासाची, रायफल घ्यावी हा पूर्वीचा हौसेचा प्रश्न आता हिशेबाचा झाला आहे. तो हिशेब अखेरीस उष्णता, वायू, धातू आणि हवेचा विरोध यांच्यापाशी येऊन थांबतो, म्हणून तो विज्ञानाच्या अंगाने मांडणे सोयीचे ठरते.

प्रारंभी कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली असून, पिकांची नासधूस करणारे रानडुक्करही वन विभागाच्या परवानगीवाचून मारता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी मुख्यत्वे ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा विचार केलेला आहे आणि तिने भागत नसल्यास आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या काडतुसाच्या बंदुकीची तरतूद आहे. काडतुसे तयार करण्यासाठी त्याच कायद्याने स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे घरी पुंगळ्या भरण्याचा जो उद्योग अमेरिकेत तळघरातील टेबलावर चालतो, तो आपल्याकडे कुणी करू जाईल तर तो गुन्हा ठरेल. पुढील विवेचन समजून घेण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नाही.

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली, चाप ओढताच पेटून दारूला आग देणारी टोपी, आत भरलेली बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. पुंगळी सर्वांत महाग, पण ती पुन्हा वापरता येते. उरलेले तिन्ही भाग प्रत्येक बाराला संपतात. पुनर्भरण परवडते ते या एका कारणामुळे, आणि खर्च वाढला तोही नेमका संपणाऱ्या भागांचा. बिनधुराच्या दारूचा आधार नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ आहे आणि त्यासाठी सरकीला चिकटून राहिलेला आखूड कापूस लागतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांच्या कारखान्यांनी या पदार्थाची मागणी प्रचंड वाढवली, आणि शिकाऱ्याच्या डब्यातील दारू त्याच रांगेत मागे पडली. टोपीतील मिश्रणात अँटिमनीचे संयुग असते; २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्या धातूचा भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तांब्याने जागतिक बाजारात टनाला ११,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि गोळीचे बाह्य कवच व पुंगळीचे पितळ ही दोन्ही तांब्याचीच लेकरे आहेत. अमेरिकेत २०२० पूर्वी एक हजार टोप्या सर्वसाधारणपणे ३० ते ४० डॉलरला मिळत. त्यानंतरच्या टंचाईत तो भाव दुप्पट आणि कधी त्याहूनही अधिक झाला.

टोपी काडतुसागणिक एकच लागते, तिच्यात काटकसर करण्यास जागा नाही. गोळीचेही वजन शिकारीच्या जनावरावरून ठरते. जेथे एका काडतुसात आणि दुसऱ्यात मोठा फरक पडतो ती जागा म्हणजे दारू. तिचे मोजमाप अजूनही ग्रेन या जुन्या एककात होते. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन बसतात. आता १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची, एकच गोळी तीन वेगवेगळ्या काडतुसांतून उडवली असे समजू. नावातील .३० किंवा .३०८ हा पहिला आकडा व्यास इंचांत सांगतो. १८९५ सालचे .३०-३० विंचेस्टर हे काडतूस सुमारे ३३ ग्रेन दारूवर ती गोळी सेकंदाला ७३० मीटरच्या आसपास वेगाने फेकते. १९५२ साली आलेले .३०८ विंचेस्टर सुमारे ४५ ग्रेन दारू खाते आणि ८६० मीटरचा वेग देते. १९६३ सालचे .३०० विंचेस्टर मॅग्नम मात्र सुमारे ७५ ग्रेन दारू घेऊन तीच गोळी १,००० मीटरच्या वेगाने सोडते. एक किलो दारूत पहिल्याचे सुमारे ४६५ बार होतात, दुसऱ्याचे ३४० आणि तिसऱ्याचे जेमतेम २०५.

वेग वाढला की गोळीची ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दारू दीडपट करून ऊर्जा दुप्पट मिळाली असती तर सौदा वाईट नव्हता. प्रत्यक्षात तसे घडत नाही. नळीच्या तोंडाशी .३०८ ची ऊर्जा सुमारे ३,६०० जूल असते आणि मॅग्नमची ४,९००. म्हणजे दारू ६७ टक्के अधिक जाळून ऊर्जा पदरात पडली ती ३६ टक्के अधिक. नायट्रोसेल्युलोजच्या एका ग्रॅमपासून साधारण ३,८०० जूल उष्णता निघते असे धरले, तर .३०८ त्यातील सुमारे ३२ टक्के भाग गोळीच्या गतीत उतरवते आणि मॅग्नम २६ टक्क्यांवर अडते. उरलेली उष्णता काही प्रमाणात नळीच्या पोलादात जिरते आणि बरीचशी गोळीमागून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूबरोबर हवेत जाते.

याचे कारण पुंगळी आणि नळी यांच्या प्रमाणात आहे. पुंगळी फुगवून तिच्यात दारू कितीही वाढवता येते, पण वायूला गोळी ढकलण्यासाठी मिळणारे क्षेत्रफळ नळीच्या व्यासाने बांधलेले असते, आणि तो तिन्ही काडतुसांत एकच, ७.८ मिलिमीटर आहे. टाकी दुप्पट केली आणि शिंपण्याची नळी तीच ठेवली, तर माडाच्या आळ्यात पाणी दुप्पट पडत नाही, तसाच हा प्रकार आहे. वायू पुरता प्रसरण पावण्याआधीच गोळी नळीबाहेर गेलेली असते. नळी लांब करून थोडा लाभ होतो, पण दोन हात लांब नळीची रायफल घेऊन झाडीत कोण फिरणार? शिवाय या जास्तीच्या उष्ण वायूने नळीचा आरंभीचा भाग झिजतो. मॅग्नमची नळी .३०८ च्या नळीच्या मानाने निम्म्याहून कमी बारांत आपली अचूकता गमावू शकते, आणि नवी नळी बसवण्याचा खर्चही अखेरीस काडतुसाच्याच खाती मांडावा लागतो. खांद्याला बसणारा धक्काही असाच महाग पडतो. दारूचे वजन वायू होऊन पुढे फेकले जाते आणि त्याचीही प्रतिक्रिया खांद्यालाच सोसावी लागते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या रायफलमध्ये मॅग्नमच्या धक्क्याची ऊर्जा .३०८ च्या जवळजवळ दुप्पट भरते. चाप ओढताना डोळे मिटणाऱ्या नेमबाजाला ती जास्तीची दारू काहीही मिळवून देत नाही.

मग सर्वांत लहान काडतूसच घ्यावे काय? .२२३ रेमिंग्टन हे काडतूस सुमारे २५ ग्रेन दारूवर चालते, एका किलोत त्याचे सहाशेहून अधिक बार होतात आणि लष्करी काडतुसाचेच ते भावंड असल्याने त्याच्या पुंगळ्या अमेरिकेत अक्षरशः वेचून मिळतात. पण त्याची नेहमीची गोळी साडेतीन ग्रॅमची आणि ऊर्जा सुमारे १,७५० जूल. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी .२४० इंचांहून लहान बोअर आणि सुमारे २,३०० जुलांहून कमी ऊर्जा वापरण्यास मनाई केली आहे. लहान चणीच्या काही जातींसाठीच सवलत आहे. जनावर जखमी होऊन रानात रखडत मरू नये, हा या मर्यादेमागचा विचार आहे. स्वस्ताईच्या हिशेबात ही खालची रेघ आधी ओढावी आणि मग तिच्या वर सर्वांत कमी दारू खाणारे काडतूस शोधावे, असे माझे मत आहे. तिथे .३०८ आणि त्याच्या जवळपासची मध्यम काडतुसेच उभी राहतात. त्यातही जे काडतूस लष्करांनी किंवा लाखो शिकाऱ्यांनी उचलून धरले, ते कारखान्यात मोठ्या संख्येने बनते आणि त्याच्या पुंगळ्या, गोळ्या सर्वत्र मिळतात. नवलाईचे, मोजक्याच लोकांनी घेतलेले काडतूस कागदावर कितीही कार्यक्षम असले, तरी खिशाला ते क्वचितच तसे निघते.

रेघ कोठे ओढायची हे अंतरावरही ठरते, कारण नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा जनावरापर्यंत तशीच पोहोचत नाही. .३०८ ची ती गोळी ९० मीटरवर पोहोचेपर्यंत आपल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा भाग हवेला देऊन बसते. .३०-३० ची गोळी जुन्या पद्धतीने बोथट नाकाची असते, आणि तीच वाट चालताना तिची तिसरा हिस्सा ऊर्जा जाते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या माळांवर तीनशे मीटरचा बार होतो, तेथे टोकदार गोळी आणि जास्तीचा वेग यांना अर्थ आहे. दाट जंगलात तोच वेग विकत घेणे व्यर्थ आहे. कोकणातील काजूच्या बागा, करवंदीच्या जाळ्या आणि कातळाच्या कडेची झुडपे यांत डुक्कर दिसते तेच मुळी तीस-चाळीस पावलांवर. इथे लांब पल्ल्याची रायफल उपयोगी तर नाहीच, उलट धोक्याची आहे. .३०८ सारखी गोळी वर कोन करून सुटली, तर तीन किलोमीटरहून पुढे जाऊन पडू शकते आणि आपल्याकडे तेवढ्या टप्प्यात दोन-तीन वाड्या सहज येतात. बारा बोअरच्या काडतुसातील एलजीचा मोठा छर्रा गोल असल्याने हवेत लवकर थकतो. त्याची कमाल मजल सातशे मीटरच्या आसपास संपते. तेही अंतर निष्काळजीपणाला मोकळीक देणारे नाही.

पुंगळीकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण पुनर्भरणाची सारी बचत तिच्या आयुष्यावर उभी आहे. हे पितळ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. बार उडताना ती फुगून नळीच्या घराला चिकटते, दाब उतरताच किंचित आकसून सुटी होते, आणि भरताना तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणले जाते. प्रत्येक वेळी वाकवलेले पितळ अधिक कठीण आणि ठिसूळ होते. अनेकदा भरलेली पुंगळी हातात घेऊन पाहिली, तर मानेवर केसाएवढी उभी चीर दिसते, किंवा बुडापासून बोटभर वर एक उजळ कडे उमटलेले असते. ते कडे म्हणजे आतून पातळ झालेली भिंत. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊन अतितप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, सोडू शकते. मान तापवून पितळ पुन्हा मऊ करता येते, पण ही पातळ झालेली भिंत कशानेही भरून येत नाही. कमी दाबाच्या काडतुसांच्या पुंगळ्या अधिक वेळा वापरता येतात आणि मॅग्नमच्या लवकर टाकाव्या लागतात.

पितळाच्या या दुखण्याला भारतीय पावसाळ्याचा जुना संदर्भ आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात, न उडवताच, साठ्यात पडल्या पडल्या तडकत असल्याचे आढळले. घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या साठ्यात हा प्रकार विशेष होता. त्याची नीट उकल १९२१ मध्ये झाली. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून पुंगळी घडवताना त्यात अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमांवरून चीर पसरते. उपाय निघाला तो घडवल्यावर पुंगळीला हलका ताव देऊन ताण काढून टाकण्याचा. आजच्या कारखान्यात तो दिला जातो. तरीही काडतुसांचा डबा गोठ्याच्या पडवीत ठेवू नये, हा सल्ला आमच्याकडील परवानाधारकांना आजही लागू पडतो. जुन्या कागदी आवरणाच्या बारा बोअरच्या काडतुसांचे दुखणे याहून साधे होते. जूनमध्ये कागद ओल धरून फुगे आणि काडतूस नळीत बसतच नसे. प्लास्टिकच्या आवरणाने ती अडचण संपवली.

ठासणीच्या बंदुकीचा हिशेब अगदी वेगळा आहे. तिला पुंगळीच नाही, त्यामुळे तो खर्चही नाही. पण तिच्यातील काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपात मागे राहतो. बाराबरोबर उठणारा पांढरा लोट आणि नळीत बसणारी काजळी ही त्याचीच रूपे होत. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली, तेव्हा कमी वजनात कितीतरी अधिक वायू मिळू लागला आणि आजची बारीक व्यासाची, वेगवान काडतुसे शक्य झाली. त्या अर्थी वर सांगितलेला सारा हिशेब त्या शोधानंतरचाच आहे.

भारतात रायफलचा परवाना असलेल्यास निवडीला फारसा वाव नाही. ब्रिटिश सरकारने .३०३ हे लष्करी बोअर नागरिकांना बंद केल्यामुळे येथे थ्री-फिफ्टीन, म्हणजे .३१५, रूढ झाले, आणि पुण्याजवळच्या खडकी येथील १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याच्या पुंगळ्यांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. हे काडतूस १८९० च्या सुमाराच्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावर बेतलेले आहे. गोळी जड, जवळजवळ १६ ग्रॅमची, वेग माफक, दाब आजच्या मानाने कमी. लांब पल्ल्याची हौस असणारे त्याला जुनाट म्हणतात, परंतु झाडीतल्या अंतरासाठी दारू, धातू आणि नळीची झीज या तिन्ही बाबींत ते मॅग्नमपेक्षा कितीतरी काटकसरी आहे. मात्र त्याची किंमत या काटकसरीवर ठरत नाही. पर्यायी बोअर हाताशी नाही, पुंगळी पुन्हा भरण्याची मुभा नाही आणि वर्षाला किती काडतुसे घ्यायची तो आकडाही परवान्यावर लिहिलेला असतो. त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव परवानाधारकाला मोजावा लागतो.