सोरवरील देववाणी : ‘तो’ की ‘ते’?

मराठी बायबलमध्ये ‘सोर’, इतिहासाच्या पुस्तकात ‘टायर’ आणि आजच्या लेबनॉनच्या नकाशावर ‘सूर’ अशी तीन नावे असली, तरी शहर एकच आहे. इब्री (हिब्रू) भाषेत त्या नावाचा अर्थच खडक असा होतो, आणि किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत असलेल्या खडकाळ बेटावरच ते वसलेले होते. गर्विष्ठ राष्ट्रांविरुद्धच्या देववाण्यांत अश्शूर, बाबेल (बॅबिलोन), मिसर (इजिप्त), अदोम ही नावे वारंवार येतात. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याने मात्र या एका बंदराला जवळजवळ तीन अध्याय दिले आहेत (२६ ते २८). सोरचा गर्व फौजेचा नव्हता, तो बाजारपेठेचा होता. यरुशलेम पडल्यावर, शेजारच्या पेढीचे दिवाळे निघाल्यावर व्हावा तसा आनंद त्या शहराला झाला, असा आरोप देववाणीच्या आरंभीच केलेला आहे.

सत्ताविसाव्या अध्यायात संदेष्टा सोरला गलबत कल्पितो. तळाच्या फळ्या सनीरच्या लाकडाच्या, डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओकची, शीड मिसरच्या वेलबुट्टीदार तागाचे, वल्हेकरी सीदोन आणि अर्वादचे. आणि या सगळ्या थाटामाटाचे पूर्वेचा वारा भरसमुद्रात तुकडे करतो. बाबेल देशातल्या कालव्याकाठी बंदिवासात राहणाऱ्या माणसाला जहाजबांधणीची इतकी बारीक माहिती असावी, हे आजही आश्चर्याचे वाटते.

खरा वाद आहे तो सव्विसाव्या अध्यायाचा. तिसऱ्या वचनात ‘अनेक राष्ट्रे’ समुद्राच्या लाटांप्रमाणे सोरवर चालून येतील असे म्हटले आहे. सातव्या वचनात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचे थेट नाव घेतले आहे, आणि आठव्यापासून अकराव्यापर्यंतची क्रियापदे ‘तो’ या एकवचनी कर्त्याची आहेत. बारावे वचन मात्र अचानक अनेकवचनात जाते : ते संपत्ती लुटतील, तट पाडतील, दगड, लाकूड व माती पाण्यात टाकतील. मराठीत ‘लुटेल’ आणि ‘लुटतील’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच इब्रीतही आहे. तिथे शेवटच्या एका ‘वाव’ या अक्षराने क्रियापद अनेकवचनी होते. प्राचीन ग्रीक भाषांतरात याच जागी एकवचन आहे, त्यामुळे गुंता आणखी वाढतो.

एवढ्याशा अक्षराला महत्त्व येण्याचे कारण पुढच्या इतिहासात आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने दिलेल्या वृत्तान्तानुसार बाबेलचा वेढा तेरा वर्षे चालला. अभ्यासक तो साधारण इ.स.पू. ५८६ ते ५७३ असा धरतात. त्यानंतर सोर बाबेलच्या वर्चस्वाखाली आले असावे, पण बेट उद्ध्वस्त झाले नाही. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड आणि राडारोडा समुद्रात लोटून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांत शहर घेतले. म्हणून ‘तो’ म्हणजे नबुखद्नेस्सर आणि ‘ते’ म्हणजे सिकंदरासह नंतरची राष्ट्रे, अशी फोड परंपरानिष्ठ भाष्यकार करतात. ही फोड चतुर आहे. पण ‘ते’ म्हणजे आधीच्याच वचनांतले बाबेलचे स्वार आणि सैनिक, हा साधा अर्थ व्याकरणाला अधिक सरळ जातो. शाप किनाऱ्यावरच्या वस्तीपुरताच होता, हा बचावही फारसा टिकत नाही, कारण सोर ही जाळी वाळत घालण्याची जागा होईल आणि ती ‘समुद्रामध्ये’ असेल, असे पाचवे वचनच सांगते.

‘तू पुन्हा बांधली जाणार नाहीस’ या चौदाव्या वचनाची अडचण याहून मोठी आहे. सिकंदरानंतर वीस वर्षांच्या आतच त्याचा एक सेनापती अँटिगोनस याला या शहराला पुन्हा वेढा घालावा लागला, तोही सव्वा वर्षाच्या आसपास चालला. पुढे ख्रिस्ताचा प्रेषित पौल तिथे सात दिवस राहिला. क्रुसेडरांनी ते ११२४ मध्ये घेतले आणि १२९१ मध्ये मिसरच्या मामलुक सुलतानांच्या हाती गमावले. यावर काहीजण ही विनाशकाव्याची ठरलेली अतिशयोक्ती मानतात, तर काहीजण यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवून प्रत्येक राष्ट्रावरचा न्याय सशर्तच असतो असे म्हणतात.

या खटाटोपात एकोणतिसावा अध्याय मागे पडतो. इ.स.पू. ५७१ ची ही देववाणी ग्रंथातल्या तारखा दिलेल्या देववाण्यांत सर्वांत उशिराची आहे. सोरपुढे राबून बाबेलच्या सैन्यातल्या प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, तरी राजाला व त्याच्या सैन्याला सोरकडून मजुरी मिळाली नाही, असे ती उघड सांगते, आणि त्या मजुरीच्या बदल्यात मिसर देऊ करते. आधीची देववाणी खोडून टाकणे संपादकांना सोपे होते. त्यांनी दोन्ही ठेवल्या. नबुखद्नेस्सराच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५६८ च्या सुमारास, त्याची मिसरचा राजा अमासिस याच्याशी गाठ पडल्याचा उल्लेख एका बाबेली मृत्तिकापट्टीवर सापडतो; पण पट्टी फुटलेली आहे आणि लढाईचा निकाल तिच्यावर उरलेला नाही.