सूर

सूर : माडाच्या (शास्त्रीय नाव कोकॉस न्यूसिफेरा) न उमललेल्या पोयीचे (आवरणात मिटलेल्या फुलोऱ्याचे) टोक तासून उतरवलेला गोड रस. सिंधुदुर्ग व रत्नागिरीकडे याला माडी म्हणतात आणि न आंबलेल्या रसाला नीरा. गोव्यात ताज्या व आंबलेल्या अशा दोन्ही रसांना सूर हाच शब्द चालतो आणि तो स्त्रीलिंगी वापरतात. माडाचा गूळ, विनागर (शिरका), सान्नांचे (तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांचे) खमीर आणि माडाची फेणी हे भट्टीचे मद्य हे सगळे या एकाच रसापासून होते. रसाचे यांपैकी काय होणार, हे पोयीखालच्या मडक्यात चुना लावला आहे की नाही आणि रस किती तास तसाच राहिला, यावर ठरते.

रसाचे स्वरूप : पानांत तयार झालेली साखर झाडाच्या इतर भागांकडे परिकाष्ठ या ऊतकातून मुख्यतः सुक्रोजच्या रूपात जाते. पोय तासली की फुलांकडे व कोवळ्या फळांकडे निघालेली हीच साखर बाहेर ठिबकते. ताज्या सुरेत साधारणपणे १२ ते १७ टक्के शर्करा असते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज असते. उसाच्या रसातील प्रमाणही याच सुमाराचे आहे. उसाचे कांडे मात्र तोडून पिळावे लागते. माड उभा राहूनच रस देतो.

माड व त्याच्या कुळातील इतर झाडे यांच्यात एक फरक आहे, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गोव्याच्या रानात आढळणारा भेरली माड (कॅरिओटा यूरेन्स) आयुष्यभर खोडात स्टार्च साठवतो. मग शेंड्याकडून खाली एकामागून एक फुलोरे काढतो आणि साठा संपला की मरतो. म्हणून त्याच्या खोडाच्या गाभ्यातून साबुदाण्यासारखे पीठ काढता येते. माड वर्षानुवर्षे सतत फुलत राहतो. त्याच्या खोडात स्टार्च जवळपास नसतोच. राखीव साठा असतो तो विरघळलेल्या सुक्रोजचा. माडाच्या खोडातून पीठ निघत नाही आणि रस मात्र बारमाही निघतो, याचे कारण इथे आहे. लाकडी वृक्षांसारखी माडाच्या खोडाला वर्षावर्षाला नवी वलये येत नाहीत. त्यामुळे रस वाहून नेणाऱ्या पेशी दशकानुदशके जिवंत राहून काम करतात.

उतरवण्याची रीत : सूर काढणाऱ्याला गोव्यात रेंदेर म्हणतात. हिंदूंमध्ये हा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. रेंदेर खोडावर खाचा पाडून चढतो. उमलण्यापूर्वीच पोय दोरीने आवळून बांधतात, काही दिवस हलक्या हाताने ठोकून सैल करतात, हळूहळू वाकवतात आणि टोक कातीने तासतात. ठोकणे जोरात झाले तर आतले कोवळे दांडे चिरडतात आणि पोय वाया जाते. टोकाला अडकवलेल्या मडक्याला दामोणें म्हणतात आणि रस खाली आणण्याच्या, पूर्वी दुधीभोपळ्यापासून केलेल्या भांड्याला दुदीणें. रेंदेर दिवसातून तीनदा चढतो : सकाळी व संध्याकाळी सूर उतरवण्यासाठी, दुपारी फक्त पोय तासण्यासाठी. दुपारची तास चुकली तर जखम सुकते आणि धार मंदावते. चांगला माड दिवसाला एक ते दोन लिटर रस देतो. ज्या पोयीची सूर काढली तिला नारळ धरत नाहीत.

चुना आणि आंबणे : पोयीतून रस ठिबकू लागतो त्याच क्षणी हवेतले, मडक्यातले आणि पोयीवरचे सूक्ष्मजीव त्यात उतरतात. यीस्टमधील एंझाइम सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते. त्यानंतर यीस्ट, मुख्यतः सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी, या शर्करांचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड करते. लॅक्टिक आम्लाचे जिवाणूही सोबत काम करतात. सकाळची सूर दुपारपर्यंत फेसाळते. दिवसभरात अल्कोहोलचे प्रमाण ४ ते ६ टक्क्यांच्या घरात पोचते. पुढे अॅसिटिक आम्लाचे जिवाणू हवेतील ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचे आम्ल करतात आणि विनागर तयार होते.

गूळ करायचा असेल तर दामोण्याला आतून चुना फासतात. हा चुना परंपरेने शिंपल्यांचा. चुन्याने रस क्षारधर्मी होतो. त्यात यीस्ट वाढत नाही आणि सुक्रोज फुटत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रस थोडा जरी आंबट झाला, तरी त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज वाढून गूळ नीट बसत नाही, चिकट व ओलसर राहतो. त्यामुळे रस उतरवताच लगेच आटवावा लागतो. १५ टक्के शर्करेच्या रसापासून एक किलो गूळ करायला साडेसहा लिटरच्या आसपास रस लागतो, म्हणजे चार-पाच माडांची एका दिवसाची सूर. गोव्यातील हा गूळ काळपट असतो आणि शंकूच्या किंवा पिरॅमिडच्या आकाराच्या ढेपांत मिळतो. नाताळातला दोदोल हा गोड पदार्थ त्याच्याशिवाय त्या रंगाचा व त्या वासाचा होत नाही.

माडाची साखर मधुमेहींना चालते असा प्रचार अलीकडे वाढला आहे. या साखरेत मोठा वाटा सुक्रोजचाच असतो. खनिजे उसाच्या पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त असली, तरी खाण्यात येणाऱ्या मात्रेत तो फरक छोटा ठरतो. हा दावा सावधपणे घ्यावा हे बरे.

शब्दांचा व ऊर्ध्वपातनाचा प्रश्न : सूर हा शब्द संस्कृत ‘सुरा’शी जोडला जातो आणि ती जोडणी मान्य होण्यासारखी आहे. मात्र जुन्या वाङ्मयातील सुरा प्रामुख्याने धान्यापासून केलेली आहे. किनाऱ्यावर तोच शब्द झाडाच्या रसाला केव्हा लागला, हे निश्चित करणे कठीण आहे. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो इथे रूढ होता एवढे नक्की. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात माडाच्या रसाला ‘सुरा’ आणि त्याच्या साखरेला ‘जाग्रा’ म्हटले आहे. ‘जाग्रा’ची व्युत्पत्ती मलयाळम किंवा कन्नडमार्गे संस्कृत ‘शर्करा’पर्यंत नेतात. इंग्रजी ‘जॅगरी’ याच वाटेने आला.

ऑर्ताच्या सांगण्यानुसार सुरेच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या उत्तम भागाला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणत. त्यात भिजवलेले कापड पेट घेई. उरलेल्या भागात थोडा ‘फुला’ मिसळून ‘ओराका’ करत. ओराका हा अरबी ‘अरक’चा (मूळ अर्थ घाम) अवतार. गोव्यात आज ‘हुर्राक’ म्हणतात तो काजूच्या रसाच्या पहिल्या धारेला. याचा अर्थ शब्द माडाकडून काजूकडे सरकला. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. ऑर्ताच्या ग्रंथात काजू नाही. दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाँ द कॉश्ता १५७८ मध्ये त्याची नोंद कोचीनमध्ये करतो. त्यामुळे गोव्यातील ऊर्ध्वपातित मद्यांत माडाचे मद्य आधीचे, याविषयी फारसा वाद राहत नाही. भौगोलिक मानांकन मात्र २००९ मध्ये काजूच्या फेणीला मिळाले.

ऊर्ध्वपातन इथे पोर्तुगीजांनी आणले की ते आधीपासून होते, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मताचा भर युरोपीय भट्टीच्या प्रसारावर आहे. दुसऱ्या मताच्या बाजूने ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी १९७९ मध्ये वायव्येकडील उत्खननांत सापडलेल्या मातीच्या भांड्यांचा आधार घेऊन भारतात ऊर्ध्वपातन फार प्राचीन असल्याचे मांडले. त्या भांड्यांचा उपयोग नेमका काय होता, यावर एकमत नाही. गोव्यापुरता अधिक जवळचा पुरावा पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझाचा आहे. सुमारे १५१६ च्या त्याच्या वृत्तांतात नारळांबरोबर ‘हुराका’ हे पेय व्यापाराच्या मालात दिसते. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला १५१० मध्ये. अवघ्या सहा वर्षांत एखादे नवे तंत्र रुजून त्याचा माल अरबी नावाने व्यापारात फिरावा, हे संभवनीय वाटत नाही. भट्टीतील भांड्यांची नावेही इथलीच आहेत : उकळण्याचे ते भाण, धार जमवण्याची ती लावणी, लावणीवर थंड पाणी ओतत राहतात. पोर्तुगीज शब्द येतो तो तीव्रता मोजताना, ‘ग्राव’ म्हणजे अंश. नावांवरून तंत्राचे मूळ सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवूनही पश्चिम किनाऱ्यावर हे तंत्र पोर्तुगीजांच्या विजयापूर्वी, बहुधा अरबी व्यापाराच्या संपर्कातून, आले असावे असे मत अधिक ग्राह्य वाटते.

फेणी हा शब्द ‘फेन’ (फेस) वरून आला असे सर्वसाधारणपणे मानतात. धारेवर येणाऱ्या बुडबुड्यांवरून कस पाहण्याची रीत या व्युत्पत्तीला पोषक आहे.

महसूल : रेंदेर हा शब्द पोर्तुगीज ‘रेंदेइरो’वरून आला. रेंदेइरो म्हणजे मक्तेदार, मक्त्याने कर वसूल करणारा. ओराकावरील कराचा मक्ता पोर्तुगीज राजवटीत दिला जाई. पण झाडावर चढणाऱ्याला मक्तेदाराचे नाव कसे पडले? भाटकाराचे (बागायतीच्या जमीनदाराचे) माड ठरावीक खंडाने (पोर्तुगीज ‘रेंदा’) घेऊन सूर काढणारा तो रेंदेर, असा अर्थविकास झाला असावा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची अबकारी व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानातील पद्धतीच्या जवळ आणली. हा तह १८९२ मध्ये संपला.

उपयोग : सान्नांचे पीठ सुरेने फुगवतात. जुन्या बेकऱ्यांत पावालाही सूरच लागे. सुरेचा विनागर विंदालो व सोरपोतेल या मांसाच्या पदार्थांत जातो. विंदालो हे नावच पोर्तुगीजमधील द्राक्षमद्य व लसूण या शब्दांवरून आलेले. इथे द्राक्षांची जागा माडाने घेतली.

इंधन : ऑर्ताचे जळते कापड पाहता सूर हे इंधनही आहे, पण हिशेब जुळत नाही. एका माडाची दिवसाची दीड लिटर सूर १५ टक्के शर्करेची धरली तर २२५ ग्रॅम साखर मिळते. तिच्यापासून तत्त्वतः फार तर १२० ग्रॅम, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल होते. एक लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळवायला एका माडाची साधारण दहा दिवसांची सूर लागेल आणि त्यासाठी रेंदेराला तीस वेळा चढावे लागेल. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल म्हणूनच ऊस व धान्याकडून येते. गोव्यातील एकमेव साखर कारखाना, धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत उभा राहिला. त्याचे गाळप २०१९ पासून बंद आहे.

चुलीत माड जळतो तो सेल्युलोज व लिग्निनच्या रूपात : चुडते (वाळक्या झावळ्या), सोडणे (नारळाची साले), करवंट्या. वाळलेल्या एक किलो करवंटीतून १८ ते २० मेगाजूल उष्णता मिळते आणि तिच्यासाठी नारळ पाडण्यापलीकडे वेगळे चढावे लागत नाही. भातही उकडला जातो तो बहुधा याच सरपणावर.

सद्यस्थिती : रेंदेरांची संख्या खूप घटली आहे. काम जोखमीचे आहे, पावसाळ्यात खोड निसरडे होते आणि मुले दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळली आहेत. २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून माड वगळण्यात आला. मोठ्या विरोधानंतर पुढच्या वर्षी तो पुन्हा घेण्यात आला. त्या चर्चेत भर होता तो तोडीवर. सूर काढणाऱ्या हातांचा प्रश्न मागे राहिला. सर्वांत मोठा फटका गुळाला बसला आहे. आंबलेली सूर उशिरा उतरवली तरी तिचा विनागर होतो, फेणी होते. गुळाला मात्र चुना फासलेले दामोणें, वेळेवर चढणारा रेंदेर आणि खाली पेटलेली चूल तिन्ही एकाच सकाळी लागतात.