धूम्रपानबंदी : बार व रेस्टॉरंटांवरील परिणाम

बार, पब, रेस्टॉरंट, कॅफे अशा खाण्यापिण्याच्या बंदिस्त जागांत सिगारेट, सिगार, पाइप इत्यादी ओढण्यास कायद्याने केलेली मनाई म्हणजे या व्यवसायातील धूम्रपानबंदी होय. वरवर पाहता हे बंधन गिऱ्हाइकावर घातलेले दिसते. परंतु अनेक देशांत ते कामगारांच्या आरोग्याचा कायदा म्हणून आले आहे, आणि त्याचे परिणाम समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते. जेवायला आलेले गिऱ्हाईक दीड-दोन तासांत उठून जाते. त्याला वाढणारा वेटर, काउंटरमागचा बारटेंडर, कोपऱ्यात पियानो वाजवणारा वादक हे मात्र पूर्ण पाळीभर त्याच हवेत असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच हवेत येतात.

दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूर श्वासावाटे आत जाणे याला परोक्ष धूम्रपान म्हणतात. या धुराचा मोठा भाग ओढणाऱ्याच्या तोंडातून येत नाही, तर दोन झुरक्यांच्या मध्ये बोटांत किंवा ॲशट्रेच्या कडेवर नुसत्याच जळत राहिलेल्या टोकातून निघतो. त्यात बेंझीन असते, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने परोक्ष धूम्रपानाचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख अधिकाऱ्याच्या, २००६ सालच्या अहवालाने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या : या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, आणि ओढणाऱ्यांना वेगळे बसवून, हवा गाळून किंवा खेळती ठेवून न ओढणाऱ्यांचे पूर्ण रक्षण होत नाही. ‘नो स्मोकिंग’ची पाटी लावलेली चार टेबले आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर ओढणाऱ्यांची चार टेबले, ही व्यवस्था कित्येक वर्षे पुरेशी मानली गेली. वातानुकूलन यंत्र मात्र दोन्हीकडची हवा एकत्र खेचून पुन्हा दोन्हीकडे सोडत असे, आणि वेटरला तर दोन्हीकडे वाढायचे असे.

कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो या लहान शहराने १९९० मध्ये बार व रेस्टॉरंटांसह सर्व सार्वजनिक इमारतींत धूम्रपानाला बंदी केली. असे करणारे ते जगातले पहिले शहर मानले जाते. कॅलिफोर्निया राज्याने १९९५ पासून बहुतेक बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, पण बारना तीन वर्षांची मुदत दिली आणि त्यांना बंदी लागू झाली ती १ जानेवारी १९९८ रोजी. न्यूयॉर्क शहरातील बार २००३ मध्ये धूरमुक्त झाले. पुढच्याच वर्षी आयर्लंड, नॉर्वे आणि न्यूझीलंड, २००५ मध्ये इटली, २००६ मध्ये उरुग्वे व स्कॉटलंड, १ जुलै २००७ रोजी इंग्लंड आणि १ जानेवारी २००८ रोजी फ्रान्समधील कॅफे व बार असा हा क्रम झपाट्याने वाढत गेला. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला; त्याच्या आठव्या कलमाने बंदिस्त सार्वजनिक व कामाच्या जागी लोकांना धुरापासून संरक्षण देण्याचे बंधन सहभागी देशांवर आले.

या साऱ्यांत आयर्लंडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पब हे त्या देशाच्या सामाजिक जीवनाचे केंद्र. गप्पा, गाणे, राजकारण सारे तिथेच, आणि तेही धुराच्या पडद्याआड. अशा देशाने बंदिस्त कामाच्या सर्व जागा, पबसुद्धा, एकाच दिवशी धूरमुक्त करणारा जगातला पहिला राष्ट्रीय कायदा २९ मार्च २००४ पासून लागू केला. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांच्यावर पबमालकांचा आणि काही सहकाऱ्यांचाही मोठा दबाव होता. निदान पबना तरी सवलत द्या, ही मागणी अखेरपर्यंत होत राहिली. लोक कायदा धाब्यावर बसवतील, मारामाऱ्या होतील अशी भाकिते केली गेली. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातील तपासण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी कायदा पाळला जात असल्याचे आढळले. डब्लिनमधील ४२ पबची हवा बंदीपूर्वी आणि बंदीनंतर मोजली गेली, तेव्हा अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण ८३ टक्क्यांनी आणि बेंझीनचे सुमारे ८० टक्क्यांनी उतरलेले दिसले. खोल्या त्याच, गिऱ्हाइके साधारण तीच, फक्त धूर गेलेला. हवेत एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडला नसता.

हवा बदलली की माणसाचे शरीर किती लवकर प्रतिसाद देते, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे ५३ बारटेंडरांना डिसेंबर १९९७ मध्ये, म्हणजे बंदीच्या आदल्या महिन्यात, तपासण्यात आले. त्यांपैकी ३९ जणांना खोकला, कफ, धाप किंवा घरघर यांपैकी काही ना काही त्रास होता. फेब्रुवारीत त्यांनाच पुन्हा तपासले, तर त्या ३९ पैकी २३ जणांचा त्रास पूर्ण थांबला होता आणि फुप्फुसांची क्षमताही सुधारली होती. त्यांतले काही जण स्वतः सिगारेट ओढणारे होते. त्यांनाही गुण आला. स्कॉटलंडमध्ये २००६ मध्ये डंडी परिसरातील बार-कामगारांवर झालेल्या पाहणीत बंदीनंतर अवघ्या एका महिन्यात तक्रारी असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७९ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. त्याच देशातील नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या बंदीनंतरच्या काळात १७ टक्क्यांनी घटल्याची नोंद झाली. अशी घट इतरत्रही आढळली आहे. मात्र तिचे प्रमाण जागोजागी वेगळे आहे आणि अगदी लहान गावांतून आलेले फार मोठे आकडे सावधपणे घ्यावेत हे बरे.

या आकड्यांमागचे माणूस हीदर क्रो यांच्या रूपाने कॅनडाला दिसले. त्यांनी सुमारे चाळीस वर्षे रेस्टॉरंटांत वेट्रेस म्हणून काम केले. स्वतः कधी सिगारेट ओढली नाही, पण २००२ मध्ये त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. कामाच्या जागच्या धुरामुळे हा आजार जडला हे ऑन्टारियोच्या कामगार भरपाई मंडळाने मान्य केले आणि भरपाई दिली. उरलेले आयुष्य त्यांनी देशभर फिरून, लोकप्रतिनिधींना भेटून बंदीसाठी बोलण्यात घालवले. मे २००६ मध्ये त्यांचे निधन झाले; ऑन्टारियोतील बार व रेस्टॉरंटे धूरमुक्त करणारा कायदा त्याच महिन्याच्या ३१ तारखेला लागू झाला.

बंदीला होणारा विरोध मुख्यतः धंद्याच्या नावाने होतो : ओढणारे गिऱ्हाईक येणार नाही, आले तरी लवकर उठेल, गल्ला कमी भरेल, नोकऱ्या जातील. ही भीती मालकाच्या दृष्टीने खोटी नव्हती. रोज संध्याकाळी समोर बसणारे, पेल्यामागून पेला मागवणारे आणि सिगारेट विझू न देणारे गिऱ्हाईक त्याला दिसत होते. धुरामुळे आजवर दारातूनच परत गेलेले गिऱ्हाईक त्याला दिसणे शक्य नव्हते. या भीतीचा उपयोग तंबाखू कंपन्यांनी फार पद्धतशीरपणे करून घेतला. कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्सने १९८७ मध्ये रेस्टॉरंटांत बंदी आणली, तेव्हा तिथल्या रेस्टॉरंट-मालकांच्या एका संघटनेने धंदा ३० टक्क्यांनी बुडाल्याचे जाहीर केले आणि काही महिन्यांतच नियम सैल करण्यात आला. पुढे विक्रीकराच्या नोंदी तपासल्या गेल्या, तर अशी घट कुठेच नव्हती. आणि ती संघटना तंबाखू उद्योगाच्या पुढाकाराने उभी राहिली होती हे तिच्याच माजी अध्यक्षाने नंतर जाहीरपणे सांगितले. तोवर ‘३० टक्के’ हा आकडा अनेक शहरांत फिरून आला होता.

म्हणून या विषयावरील कोणताही दावा पाहताना मोजणी कशाची केली आहे हे आधी विचारावे. मालकांना ‘धंदा कसा वाटतो’ असे विचारून काढलेला आकडा आणि कराच्या नोंदींतून काढलेला आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चांगल्या अभ्यासात बंदीच्या आधीची व नंतरची काही वर्षे घ्यावी लागतात, ऋतूंचे चढउतार वजा करावे लागतात आणि एकूण अर्थव्यवस्था वर चालली होती की खाली हेही धरावे लागते. २००३ मध्ये ‘टोबॅको कंट्रोल’ या नियतकालिकात अशा ९७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील उत्तम आखणीच्या सर्व अभ्यासांत विक्री व रोजगार यांवर एकतर परिणाम नव्हता किंवा असलाच तर चांगला होता. धंदा घटल्याचा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासांमागे तंबाखू उद्योगाचे पाठबळ होते. टेक्सासमधील एल पासो शहरात जानेवारी २००२ मध्ये बंदी आली. तिथल्या बारा वर्षांहून अधिक काळच्या करनोंदी तपासल्यावरही बार वा रेस्टॉरंटांच्या उत्पन्नात घट आढळली नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही २००९ मध्ये सारा पुरावा तपासून या व्यवसायाची उलाढाल बंदीमुळे घटत नाही, असाच निर्वाळा दिला.

हीच कसोटी बंदीच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या आकड्यांनाही लावली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये बंदीनंतरच्या पहिल्या वर्षात बार व रेस्टॉरंटांकडून मिळणारा कर ८.७ टक्क्यांनी वाढला, असे शहर प्रशासनाने जाहीर केले. आकडा खरा आहे. पण ते शहर तेव्हा सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या मंदीतून वर येत होते, त्यामुळे ही वाढ बंदीच्या खाती जमा करणे योग्य होणार नाही. बंदीने धंदा बुडाला नाही, एवढेच त्यातून म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

सरासरी स्थिर राहिली याचा अर्थ प्रत्येक दुकान तरले असा होत नाही. रेस्टॉरंटात माणसे जेवणासाठी येतात, कुटुंबासह येतात. तिथे धूर गेल्याचा फायदाच अधिक. ज्या लहान बारमध्ये केवळ मद्य मिळते, बसणारे बहुतेक जण ओढणारे असतात आणि बाहेर उभे राहायला अंगणही नसते, तिथे ताण पडतो. अमेरिकेतील रोजगाराच्या आकडेवारीवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉट ॲडम्स व चॅड कॉटी यांच्या अभ्यासात बारमधील रोजगार बंदीनंतर काहीसा घटलेला दिसला, रेस्टॉरंटांचा मात्र घटला नाही. जुगारगृहांचे चित्र याहून स्पष्ट आहे : इलिनॉय राज्यात २००८ मध्ये बंदी आल्यावर तिथल्या कॅसिनोंचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात घसरले. त्या वर्षीची मंदी हे त्याचे एक कारण होते. पण शेजारच्या राज्यांतील कॅसिनोंत ओढण्यास मोकळीक होती आणि गिऱ्हाईक तिकडे वळले, हेही नाकारता येत नाही. आयर्लंड व ब्रिटन येथे अनेक पब बंद पडले आणि त्याचे खापर बंदीवर फोडले गेले. परंतु घरी पिण्यासाठी स्वस्तात मिळणारे मद्य, पिऊन गाडी चालवण्यावरची कडक कारवाई आणि बदललेल्या सवयी यांनी पबची गर्दी बंदीच्या आधीपासूनच ओसरू लागली होती.

इलिनॉयच्या उदाहरणावरून एक गोष्ट लक्षात येते : बंदी जितकी सरसकट, तितका मालकांवरचा अन्याय कमी. अर्धवट बंदीने मालकाला मालकाविरुद्ध उभे केले. स्पेनने २००६ मध्ये शंभर चौरस मीटरहून लहान बारना स्वतः निवड करण्याची मुभा दिली. बहुतेकांनी धूम्रपान चालू ठेवले, कारण पहिला बंद करणारा गिऱ्हाईक गमावेल अशी प्रत्येकाला धास्ती होती. अखेर २ जानेवारी २०११ पासून तिथे पूर्ण बंदी आली. जर्मनीत मोठ्या पबना ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवता येत असे, एकाच खोलीच्या पबला ती सोय नव्हती. संघराज्य घटना न्यायालयाने जुलै २००८ मध्ये हा भेदभाव मान्य केला नाही. बव्हेरिया राज्याने मात्र दोन वर्षांनी सार्वमत घेतले, आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी सवलती काढून कडक बंदी स्वीकारली. ऑस्ट्रियात २००९ पासून वेगळ्या खोल्यांची व्यवस्था होती, त्यासाठी मालकांनी खर्च करून भिंती व दारे उभारली. १ नोव्हेंबर २०१९ रोजी पूर्ण बंदी आल्यावर तो खर्च वाया गेला.

बंदीने काही प्रश्न दाराबाहेर नेले. रात्री फुटपाथवर जमणाऱ्यांच्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची झोपमोड होऊ लागली, दारासमोर थोटकांचा खच पडू लागला, आणि थंड देशांत मोकळ्या हवेत शेगड्या लावून अंगण उबदार ठेवण्याची पद्धत रुळली. ओढणारे आता घरी, मुलांसमोर अधिक ओढतील, ही शंका गंभीर होती. स्कॉटलंडमधील प्राथमिक शाळेच्या मुलांच्या लाळेतील कोटिनीनचे, म्हणजे निकोटिन शरीरात गेल्याची खूण असलेल्या द्रव्याचे, प्रमाण बंदीनंतर मात्र सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

दाराबाहेरची जागा कुठवर कायद्यात आणायची, हा सध्याचा वाद आहे. स्वीडनने २००५ पासून आतल्या जागांत असलेली बंदी १ जुलै २०१९ रोजी रेस्टॉरंटांच्या बाहेर मांडलेल्या टेबलांपर्यंत वाढवली आणि ई-सिगारेटही तिच्या कक्षेत घेतली. इंग्लंडमध्ये पबच्या बागांसाठी असाच विचार २०२४ मध्ये पुढे आला, पण व्यवसायाच्या विरोधामुळे त्याच वर्षी मागे घेण्यात आला. तीन बाजूंनी कापड लावून वर छत टाकलेल्या अंगणात धूर सहज कोंडतो, आणि तिथल्या टेबलांवरही वाढायला आतलाच वेटर जातो.